पान एकच, जुळारी अनेक

हा दिवाळी अंक रत्नागिरीत उघडा किंवा नागपुरात, पानाचा समास दोन्हीकडे तेवढाच असतो. छापखान्यात पान एकदा लागले की ते सगळ्या वाचकांसाठी लागले. वेबपानाचे तसे नाही. ते वाचकाकडे निघते तेव्हा खरे तर पान नसतेच. असतो तो मजकूर आणि तो कसा मांडावा याच्या सूचना. पान जुळवले जाते वाचकाच्या यंत्रावर. ते काम त्याचा ब्राउझर करतो आणि प्रत्येक वेळी नव्याने करतो. म्हणजे जितके ब्राउझर तितके जुळारी. त्या सर्वांनी एकाच सूचनांवरून एकसारखे पान कसे जुळवावे, हा प्रश्न गेली तीस वर्षे चालू आहे. या लेखात त्याचा इतिहास सांगायचा आहे.

मी संगणकशास्त्र शिकलेलो नाही. वाणिज्य शाखेची पदवी, हिशेबनिसाची नोकरी आणि इतिहासाची हौस एवढेच भांडवल. २००१ साली आमच्या गावातल्या जुन्या ग्रंथालयाची माहिती वेबवर ठेवावी असे मी ठरवले. संस्थापकांची यादी, जुनी छायाचित्रे आणि सात-आठ वृद्ध वाचकांच्या आठवणी असा ऐवज होता. रात्री सायबर कॅफेत बसून, दुसऱ्यांच्या पानांची आतली बाजू वाचत वाचत मी पान तयार केले. डावीकडे ५२० पिक्सेलचा मजकुराचा रकाना, उजवीकडे २४० पिक्सेलचा छायाचित्रांचा, बेरीज ७६०. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ते देखणे दिसले. अमेरिकेत असलेल्या आतेभावाला मी मोठ्या अभिमानाने पत्ता कळवला. दोन दिवसांनी त्याचे उत्तर आले : "दादा, उजवा रकाना तळाला जाऊन बसलाय आणि मराठीच्या जागी नुसता इंग्रजी अक्षरांचा पसारा दिसतोय." तो नेटस्केपची नवी आवृत्ती वापरत होता.

त्या एका ओळीत दोन निरनिराळ्या तक्रारी होत्या. दोन्हींची मुळे शोधता शोधता मला हा इतिहास सापडत गेला.

सूचना कोणाच्या?

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत १९८९ साली वेबची कल्पना मांडली आणि १९९० मध्ये पहिला ब्राउझर लिहिला. पानाची भाषा असलेल्या एचटीएमएलचे काम तेव्हा मोजकेच होते. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा दुवा, इतके सांगायचे. शीर्षक किती मोठे दिसावे हे ठरवणे ब्राउझरचे किंवा वाचकाचे काम. शास्त्रज्ञांच्या टिपणांना तेवढे पुरेसे होते.

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून मोझेक हा ब्राउझर आला आणि वेब सामान्य माणसापर्यंत पोचू लागले. आता पान लिहिणाऱ्यांना रंग हवे होते, टंक हवे होते, चित्राशेजारून वाहणारा मजकूर हवा होता. भाषेत याची सोय नव्हती. १० ऑक्टोबर १९९४ रोजी सर्नमध्येच काम करणाऱ्या हॉकोन व्हियम ली या नॉर्वेजियन तरुणाने एक प्रस्ताव मांडला. मजकूर एका बाजूला ठेवावा आणि त्याचे रूप सांगणारी स्वतंत्र सूचनावली, म्हणजे स्टाइलशीट, दुसऱ्या बाजूला. नेदरलँड्समध्ये बर्ट बॉस हेही अशाच विचाराने एका ब्राउझरवर काम करत होते. दोघे एकत्र आले आणि त्यातून सीएसएस जन्माला आली. लेखकाची इच्छा आणि वाचकाची इच्छा यांचा मेळ ठराविक क्रमाने घालायचा, हे तिचे वैशिष्ट्य. त्याच महिन्यात बर्नर्स-ली यांनी वेबचे नियम ठरवण्यासाठी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था स्थापन केली. सीएसएसचा पहिला नियमग्रंथ तिने १७ डिसेंबर १९९६ रोजी अधिकृत केला.

पण नियम कागदावर येईपर्यंत बाजार थांबला नव्हता.

दोन दुकाने

मोझेक लिहिणाऱ्यांपैकी मार्क अँड्रीसन आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी नेटस्केप काढले. १९९४ च्या डिसेंबरात त्यांच्या ब्राउझरची पहिली आवृत्ती आली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर आणला. स्पर्धा सुरू झाली ती नवनव्या टॅगांची. नेटस्केपने लुकलुकणारी अक्षरे दिली, तर मायक्रोसॉफ्टने सरकणारी पट्टी. ही पट्टी आपल्याकडच्या सरकारी संकेतस्थळांनी पुढे कितीतरी वर्षे मनोभावे जपली. जे एका दुकानात मिळे ते दुसऱ्यात मिळत नसे, आणि दोन्ही दुकानांना तेच हवे होते. एका ब्राउझरपुरते बनवलेले पान त्या ब्राउझरला गिऱ्हाईक आणून देत असे.

१९९७ साली दोघांच्याही चौथ्या आवृत्त्या आल्या तेव्हा भांडण टोकाला गेले होते. पानातला एखादा भाग हलवायचा तर नेटस्केपसाठी एक आज्ञा आणि एक्सप्लोररसाठी दुसरी. सीएसएस दोघांनीही घेतली होती, पण अर्धवट आणि आपापल्या पद्धतीने. नेटस्केपला खरे तर स्वतःची वेगळी, जावास्क्रिप्टवर चालणारी मांडणीभाषा रुजवायची होती. त्यामुळे त्यांच्या चौथ्या आवृत्तीत सीएसएसच्या सूचनांचे आधी आतल्या आत त्या भाषेत रूपांतर होई. वाचकाने जावास्क्रिप्ट बंद केली की पानाची सीएसएसही नाहीशी होई. धोतराचे एक टोक सोडावे आणि सगळेच सुटावे, तशी ही गत.

पान बनवणाऱ्यांनी यावर तीन तोडगे काढले. पहिला, 'हे पान अमुक ब्राउझरमध्येच उत्तम दिसते' अशी पाटी लावणे. दुसरा, मांडणीसाठी तक्त्यांचा वापर. आकडे मांडण्यासाठी असलेला तक्ता घ्यायचा, त्याच्या रेषा लपवायच्या आणि त्याच्या घरांत पानाचे भाग बसवायचे. डेव्हिड सीगल या रचनाकाराने १९९६ सालच्या आपल्या पुस्तकातून ही पद्धत आणि तिच्या जोडीला एका पिक्सेलचे पारदर्शक चित्र ताणून मोकळी जागा तयार करण्याची युक्ती लोकप्रिय केली. पान दिसे ठीक, पण मजकूर शेकडो घरांत विखुरला जाई. दृष्टिहीन वाचकांना पान वाचून दाखवणाऱ्या यंत्रांची त्यात फार अडचण होई.

तिसरा तोडगा म्हणजे नाव विचारून पान देणे. प्रत्येक ब्राउझर पान मागताना आपली ओळख सांगतो. नेटस्केपचे आतले नाव होते मोझिला. अनेक संकेतस्थळे 'मोझिला' हे नाव दिसले तरच आपले चांगले पान देत, नाहीतर साधे. मग मायक्रोसॉफ्टने काय करावे? एक्सप्लोररनेही 'मी मोझिला' असे सांगायला सुरुवात केली आणि खरे नाव कंसात घातले. पुढे प्रत्येक नव्या ब्राउझरने हाच मार्ग धरला. आजचा क्रोम स्वतःची ओळख देताना मोझिला, ॲपलवेबकिट, केएचटीएमएल, गेको, क्रोम आणि सफारी अशी सगळी नावे एका दमात घेतो. आपल्याकडे सत्यनारायणाच्या संकल्पात गोत्र-प्रवर सांगतात, तशी ही वंशावळ. फरक इतकाच की यातली काही नावे उसनी आहेत.

चाळीस पिक्सेलांचा प्रश्न

आता माझ्या घसरलेल्या रकान्याकडे येतो.

सीएसएस पानावरच्या प्रत्येक भागाला एक चौकट मानते. मध्ये मजकूर, त्याच्याभोवती आतली मोकळी जागा, तिच्याबाहेर किनार. चौकटीची रुंदी ५२० सांगितली, तर ५२० कशाचे? नियमग्रंथ म्हणतो, फक्त मजकुराच्या जागेचे. मोकळी जागा आणि किनार त्यात वेगळी मिळवायची. विंडोजवरचा इंटरनेट एक्सप्लोरर पाचव्या आवृत्तीपर्यंत म्हणत होता, किनारीसकट सगळ्याचे. मी दोन्ही रकान्यांना डावी-उजवीकडे दहा-दहा पिक्सेल मोकळी जागा दिली होती. एक्सप्लोररच्या हिशेबाने ५२० आणि २४० मिळून ७६०, पान भरले. नियमाच्या हिशेबाने ५४० आणि २६०, म्हणजे ८००. चाळीस पिक्सेल जास्त झाले, उजव्या रकान्याला शेजारी जागा उरली नाही आणि तो खाली गेला. नेटस्केपची सहावी आवृत्ती नियमाप्रमाणे वागली होती. चूक माझी होती, पण मला ती दिसणे शक्य नव्हते, कारण माझ्यापुढचा ब्राउझर माझ्याशी सहमत होता.

असे माझ्यासारखे लाखो लोक होते. म्हणून एक्सप्लोररने आपला हिशेब एकदम दुरुस्त केला असता, तर त्याच्या भरवशावर बांधलेली असंख्य पाने कोसळली असती. न केला, तर नियमाने लिहिलेली पाने कधीच नीट दिसली नसती. टॅन्टेक चेलिक या मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्याकडे मॅकसाठीच्या एक्सप्लोररचे काम होते. मार्च २००० मध्ये आलेल्या त्याच्या पाचव्या आवृत्तीत त्याने एक मार्ग वापरला. हा मार्ग टॉड फाहर्नर या रचनाकाराने सुचवला होता. एचटीएमएलच्या पानाच्या डोक्यावर 'हे पान अमुक नियमाने लिहिले आहे' अशी एक ओळ लिहिण्याची रीत होती. बहुतेक लोक ती लिहीत नसत. ज्या पानावर ती व्यवस्थित असेल त्याच्या लेखकाला नियम ठाऊक आहेत असे समजायचे आणि पान नियमाने जुळवायचे. नसेल तर जुन्या सवयीप्रमाणे जुळवायचे. मोझिला आणि विंडोजवरचा एक्सप्लोरर ६ यांनीही ही पद्धत घेतली. आजही प्रत्येक ब्राउझरच्या पोटात हे दोन जुळारी नांदत आहेत.

या कथेला एक पुढचा भाग आहे. काळाच्या ओघात रचनाकारांच्या लक्षात आले की व्यवहारात एक्सप्लोररचाच हिशेब सोयीचा होता. कपाट खोलीत बसवताना आपण त्याची बाहेरची रुंदी मोजतो, आतल्या कप्प्याची नाही. सीएसएसमध्ये पुढे दोन्हींपैकी हवा तो हिशेब निवडण्याची सोय आली आणि आज बरेच रचनाकार पानाच्या सुरुवातीलाच एक्सप्लोररचा जुना हिशेब निवडतात. सीएसएसच्या नियमकर्त्यांनी स्वतःच्या चुकांची जी जाहीर यादी ठेवली आहे, तिच्यातही ही चूक नोंदलेली आहे. म्हणजे त्या भांडणात ज्याला सगळ्यांनी दोषी ठरवले त्याची कल्पना वाईट नव्हती. सर्वांनी मिळून ठरवलेले त्याने पाळले नाही, हा त्याचा दोष. मला हा निकाल महत्त्वाचा वाटतो. रस्त्याच्या डावीकडून चालावे की उजवीकडून, यात पवित्र असे काही नाही. पण अर्ध्यांनी डावीकडून आणि अर्ध्यांनी उजवीकडून चालून भागत नाही.

कस लावणारे लोक

नियमग्रंथ असून ब्राउझर वेगळे का वागत? लबाडी हे एक कारण. दुसरे कारण साधे आहे : ग्रंथातले वाक्य दोन प्रामाणिक माणसेही दोन प्रकारे वाचू शकतात. आपल्याकडे एका सूत्रावर तीन भाष्ये होतात, तसेच इथेही झाले. यावर उपाय होता तो चाचणीचा. अमुक सूचना दिल्या की पान नेमके असे दिसले पाहिजे, हे दाखवणारी उदाहरणे तयार करायची आणि प्रत्येक ब्राउझर त्यातून काढायचा.

टॉड फाहर्नरने १९९८ मध्ये असे एक अवघड पान तयार केले. सोन्याचा कस पाहायला सराफ आम्ल वापरतो, त्यावरून त्याचे नाव पडले ॲसिड टेस्ट. त्याच वर्षी काही रचनाकारांनी वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट ही चळवळ सुरू केली. जेफ्री झेल्डमन हे त्यातले प्रमुख नाव. एकच पान चार वेळा बनवण्याचा खर्च आणि मनस्ताप आम्ही का सोसायचा, हा त्यांचा कंपन्यांना सवाल होता. त्यांच्याकडे ना पैसा होता ना कायद्याचा अधिकार. होती ती फक्त व्यवसायातली पत.

परंतु मधल्या काळात एक निराळाच एकसारखेपणा आला. नेटस्केप हरले. ऑगस्ट २००१ मध्ये आलेला एक्सप्लोरर ६ इतका पसरला की दोनेक वर्षांत जगातले दहांपैकी नऊहून अधिक लोक एक्सप्लोररच वापरत होते. पान बनवणाऱ्यांना सुटल्यासारखे झाले, कारण एकाच ब्राउझरमध्ये पाहिले की काम संपले. पण स्पर्धक उरला नाही तेव्हा मायक्रोसॉफ्टचे कामही थांबले. सातवी आवृत्ती यायला ऑक्टोबर २००६ उजाडले. पाच वर्षे जगातल्या बहुतेक पानांना एका उत्पादनाच्या दोषांच्या मापाने कपडे शिवावे लागले. ज्यांनी कार्यालयांची कामे केवळ त्या ब्राउझरवर बांधली, त्यांना पुढे अनेक वर्षे तो सोडता आला नाही.

अल्पसंख्य ब्राउझरांच्या वाट्याला काय येई, याचा एक किस्सा नोंदवण्यासारखा आहे. ऑपेरा हा नॉर्वेचा ब्राउझर. सीएसएसचे जनक ली तेव्हा तिथेच काम करत होते. २००३ मध्ये त्यांच्या लक्षात आले की मायक्रोसॉफ्टचे एमएसएन हे संकेतस्थळ ऑपेराला मुद्दाम निराळी सूचनावली पाठवते, आणि तिच्यामुळे मजकूर तीस पिक्सेल बाजूला सरकून पान बिघडलेले दिसते. वाचकाला वाटावे, ब्राउझरच वाईट. ऑपेराने त्यावर आपल्या ब्राउझरची एक खास आवृत्ती काढली. ती एमएसएनचे पान 'मपेट शो'मधल्या स्वीडिश आचाऱ्याच्या बोबड्या भाषेत दाखवी, बाकीची पाने मात्र व्यवस्थित. विनोद होता, पण मुद्दा गंभीर होता. पान बिघडले की वाचक दोष कोणाला देतो, यावर बाजार ठरत असतो.

नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स आला आणि कोंडी फुटू लागली. एप्रिल २००५ मध्ये वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्टने दुसरी ॲसिड टेस्ट जाहीर केली. ती मुख्यतः इअन हिक्सन या तरुण अभियंत्याने लिहिली होती. ब्राउझर नियमाने वागला तर पडद्यावर हसरा चेहरा दिसे, नाहीतर चेहऱ्याचा चक्काचूर. जाहीर झाली तेव्हा एकही ब्राउझर तीत उतरत नव्हता. ॲपलच्या सफारीवर काम करणाऱ्या डेव्ह हायट यांनी दोन आठवड्यांत आपला ब्राउझर उतरवून दाखवला. मायक्रोसॉफ्टला ते २००९ च्या आठव्या आवृत्तीत साधले. ही चाचणी म्हणजे सगळा नियमग्रंथ नव्हता. पण विचकलेला चेहरा कोणालाही कळतो. जे भांडण तोवर तज्ज्ञांच्या पत्रव्यवहारात होते, ते तिने चव्हाट्यावर आणले.

चुकीचेही नियम

हिक्सन यांचे याहून मोठे काम निराळे आहे. जगातली बहुतेक पाने चुकांसह लिहिलेली असतात. एखादा टॅग उघडून बंद करायचा राहतो, दोन टॅग एकमेकांत अडकतात. एचटीएमएलच्या जुन्या नियमग्रंथात शुद्ध पान कसे असते ते होते. अशुद्ध पान आले तर काय करावे हे नव्हते. प्रत्येक ब्राउझर आपल्या मनाने सावरून घेई. एकसारखेपणा हरवण्याची ही सर्वांत मोठी जागा होती.

डब्ल्यूथ्रीसीने २००० साली यावर कडक उपाय योजला. एक्सएचटीएमएल नावाच्या नव्या भाषेत, तिचा पूर्ण अंमल केला तर, एका चुकीवर पान दिसणेच बंद होई. असला शिक्षक वर्गात टिकत नाही. लोकांनी ती भाषा वरवर घेतली आणि ब्राउझर पूर्वीसारखेच सावरून घेत राहिले. जून २००४ मध्ये ॲपल, मोझिला आणि ऑपेरा येथील मंडळींनी डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजी हा स्वतंत्र गट स्थापन केला. हिक्सन त्याचे संपादक. त्यांनी उलटी वाट धरली. ब्राउझर चुकीच्या पानांचे प्रत्यक्षात काय करतात ते बारकाईने पाहायचे आणि प्रत्येक चूक कशी सावरायची याचाच तपशीलवार नियम लिहायचा. यातून एचटीएमएल ५ घडली. आता अशुद्ध पानही सर्व ब्राउझरांनी एकाच पद्धतीने वाचावे अशी व्यवस्था झाली. माझ्यासारख्या, शाळेबाहेर शिकलेल्या माणसाला या निर्णयाबद्दल विशेष कृतज्ञता वाटते. वेबचे दार शुद्धलेखनाच्या परीक्षेशिवाय उघडे राहिले.

देवनागरीचा फेरा

आतेभावाची दुसरी तक्रार अक्षरांची होती. तिचा इतिहास आपला आहे.

त्या काळी मराठी टंकांची खरी मेख अशी होती : इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत. मजकुरात प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरेच साठवली जात. टंक असेल तर मराठी दिसे, नसेल तर निरर्थक इंग्रजी. आणि प्रत्येक कंपनीची बसवणूक वेगळी. वाचकाने टंक उतरवून घ्यायची कटकट नको म्हणून पानासोबतच टंक पाठवण्याची सोय १९९७ मध्ये दोन्ही ब्राउझरांनी दिली, पण पुन्हा दोन तऱ्हांनी. मायक्रोसॉफ्टची तऱ्हा नेटस्केपला कळत नसे आणि नेटस्केपची तऱ्हा त्यांच्या सहाव्या आवृत्तीने स्वतःच सोडून दिली. मी मायक्रोसॉफ्टची वापरली होती.

यावरचे उत्तर युनिकोड हे होते. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला जगभर एकच क्रमांक, आणि देवनागरी त्यात १९९१ पासून होती. पण क्रमांक मिळाला म्हणजे अक्षर नीट दिसेलच असे नाही. 'क', हलन्त आणि 'ष' मिळून 'क्ष' करणे, 'कि' मधली वेलांटी व्यंजनाच्या आधी नेऊन ठेवणे, हे काम यंत्रावरच्या प्रणालीने आणि ब्राउझरने करायचे असते. फायरफॉक्सच्या तिसऱ्या आवृत्तीपूर्वी, मजकूर दोन्ही समासांना टेकवून लावला, की देवनागरीची मोडतोड होई. जोडाक्षरे सुटत, वेलांट्या भलत्याच जागी जात. तोच मजकूर डावीकडे लावला की ठीक. त्या वर्षांत मराठी-हिंदी लिहिणारे एकमेकांना बजावत असत की दोन्ही बाजूंना समास जुळवू नका. २००८ च्या फायरफॉक्स ३ मध्ये हा दोष गेला. टंक पानासोबत पाठवण्याची एकच सर्वमान्य तऱ्हाही त्यानंतर ठरली आणि २०१२ मध्ये ती अधिकृत झाली. आज मराठी पान कोणत्याही ब्राउझरात वाचता येते यामागे ही वीस वर्षांची वाटचाल आहे.

पुन्हा तोच प्रश्न

२०१७ च्या मार्च महिन्यात एक शांत घटना घडली. पानाची रकान्या-ओळींत मांडणी करण्याची ग्रिड नावाची नवी सोय फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी या तिन्हींमध्ये एकाच महिन्यात आली. तिची मूळ कल्पना मायक्रोसॉफ्टची होती. क्रोम आणि सफारी यांच्यासाठी तिचे बरेचसे काम इगालिया या स्पेनमधल्या सहकारी तत्त्वावरच्या कंपनीने केले आणि त्यासाठी ब्लूमबर्गने पैसा दिला. ती आधी चाचण्यांसह घडवली गेली, मग बाहेर आली. तक्त्यांत पाने कोंबण्याचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना ही गोष्ट खरी वाटेना. आज सर्व प्रमुख ब्राउझरांच्या चाचण्या एकाच सामाईक संग्रहात असतात, त्यांची संख्या लाखांत आहे. २०२२ पासून ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला दरवर्षी एकत्र बसून कोणत्या फरकांवर आधी काम करायचे ते ठरवतात आणि गुणपत्रक जाहीर करतात.

मात्र त्याच काळात दुसरीही गोष्ट घडली. २०१३ मध्ये ऑपेराने स्वतःचे इंजिन सोडले. २०१८ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टनेही आपले इंजिन सोडून गूगलचे घेण्याचे जाहीर केले. आता गूगल, ॲपल आणि मोझिला यांची तीनच मोठी इंजिने उरली आहेत आणि त्यांतले गूगलचे सर्वांत मोठे. बरेच लोक पान फक्त क्रोममध्ये पाहतात आणि काम झाले म्हणतात. २००१ मध्ये मीही तेच केले होते.

एकसारखेपणा दोन वाटांनी येऊ शकतो. एकाच्या वर्चस्वाने, किंवा अनेकांनी लिहून ठेवलेल्या आणि तपासता येणाऱ्या कराराने. दोन्ही वाटांवरचे पान आज सारखेच दिसते. फरक कळतो तो काही वर्षांनी.

मागच्या वर्षी जुन्या वस्तू आवरताना मला २००१ च्या त्या पानाची सीडी सापडली. आजच्या ब्राउझरमध्ये मी ते उघडले. शीर्षकांची रचना, दुवे, छायाचित्रे, जे जे सर्वमान्य नियमाने लिहिले होते, ते चोवीस वर्षांनीही जागच्या जागी होते. उजवा रकाना तळालाच होता. आणि त्या वृद्ध वाचकांच्या आठवणींच्या जागी इंग्रजी अक्षरांचा पसारा होता. ज्या एका ब्राउझरला ती मांडणी आणि तो टंक समजत असे, तो आता राहिलेला नाही. ती माणसेही राहिलेली नाहीत.

कोणत्या इंग्रजी अक्षरामागे कोणता मराठी आकार होता याचा तक्ता करून मी मजकूर युनिकोडमध्ये उतरवला. त्याला दोन महिने लागले. काही जोडाक्षरे तक्त्यात बसेनात, ती जुन्या वहीतल्या हस्तलिखित टिपणांवरून पडताळली. वही नसती तर तेवढे शब्द गेले असते. आतेभावाला नवा पत्ता कळवला आहे. या वेळी पाठवण्यापूर्वी मी पान तिन्ही इंजिनांवर उघडून पाहिले.